पेशी मोजल्या खऱ्या, पण त्या होत्या कुठे?

उच्च रक्तदाबात रोगप्रतिकारक पेशींचाही हात असतो, हे आता या विषयात पाऊल टाकणारा प्रत्येक जण गृहीत धरूनच येतो. टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन २ हे रक्तदाब चढवणारे संप्रेरक दिले तरी रक्तदाब फारसा चढत नाही आणि टी पेशी परत दिल्या की तो चढतो, हे २००७ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून इथे रीघ लागली. पुढे २०१७ मध्ये त्याच प्रकारच्या उंदरांत हे संरक्षण दिसेनासे झाल्याचेही प्रसिद्ध झाले. तो निबंध वाचल्याशिवाय प्रयोग आखू नका, एवढे सांगून माझ्या चुकीकडे वळते.

चौदा दिवस अँजिओटेन्सिन दिलेल्या उंदरांच्या मेसेंटेरिक, म्हणजे आतड्याला रक्त पुरवणाऱ्या, धमन्या मी भोवतालच्या चरबीसह काढत असे, विकरांनी त्यांतल्या पेशी सुट्या करत असे आणि फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून लेसरपुढून नेणाऱ्या यंत्रावर, मोजत असे. पांढऱ्या पेशी जवळपास दुप्पट दिसल्या आणि त्या आनंदात मी प्रबंधाचे अर्धे प्रकरण लिहूनही टाकले. एका संध्याकाळी सहज त्याच उंदराच्या रक्ताचा आलेख शेजारी ठेवला, तर टी, बी आणि न्यूट्रोफिल पेशींचे आपसातले प्रमाण हुबेहूब तेच निघाले. धमनीच्या भिंतीत शिरलेल्या म्हणून मी ज्या पेशी मोजल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक तिच्या पोकळीत अडकलेल्या रक्तातल्या होत्या.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सलाईन सोडून रक्त धुऊन काढायचे असते, हे मला ठाऊक होते आणि मी ते करतही होते, पण घाईघाईने. उजवे अलिंद कापल्यावर यकृत कडेपासून मधोमधपर्यंत सारखे फिकट व्हायला हवे. माझ्या उंदरांच्या यकृतावर तांबडे डाग राहत आणि मी ते पाहूनही पुढे जात असे. आकसलेल्या बारीक वाहिन्यांतून सलाईन नीट फिरत नसावे, म्हणजे ज्या गटात फरक शोधायचा त्याच गटात रक्त जास्त उरत असावे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. शिवाय नुसते धुणे पुरत नाही. उंदीर मारण्याच्या सुमारे तीन मिनिटे आधी सीडी४५ या पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनाविरुद्धचे एका रंगाचे प्रतिपिंड शिरेतून द्यावे आणि पेशी सुट्या केल्यावर दुसऱ्या रंगाचे लावावे. ज्या पेशींवर दोन्ही रंग दिसतील, त्या रक्ताच्या बाजूला होत्या असे धरावे. मात्र अस्तराला आतून चिकटलेल्या पेशीही त्यांतच मोजल्या जातात, म्हणून काही काप सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावेच लागतात.

सीनियरने दिलेली तयार गेटिंगची, म्हणजे आलेखावर कोणत्या पेशी कुठल्या गटात धरायच्या त्या सीमांची, फाईल वापरू नका. मी वापरली, म्हणूनच रक्ताचा आलेख मला इतके दिवस पाहावासा वाटला नाही. महाधमनी हाताळायला सोपी म्हणून तिच्यावरच काम उरकण्याचा मोहही मला पटत नाही, कारण रक्तप्रवाहाचा रोध मुख्यतः बारीक वाहिन्यांत ठरतो आणि तिथे त्रिज्या वीस टक्क्यांनी घटली तर रोध जवळपास अडीच पट होतो. मार्गदर्शकाचे म्हणाल, तर जो अधूनमधून स्वतः सूक्ष्मदर्शकापाशी बसतो त्याच्याकडे जावे. बाकीच्यांना पेशी फक्त आकड्यांतच भेटतात.

धमनीचे आकुंचन आणि शिथिलता मोजणाऱ्या मायोग्राफवर धमनी लावण्यापूर्वी तिची चरबी सोलून काढतात आणि टी पेशी तर बहुतांशी त्या चरबीत आणि बाह्य आवरणात असतात. त्यामुळे जिची शिथिलता मोजली ती धमनी आणि ज्यातल्या पेशी मोजल्या ते ऊतक एकच, असे लिहून मोकळे होऊ नका. पहिले काही महिने चाळीस मायक्रॉनची तार ओवताना धमनी फाटेल, अस्तर खरवडले जाईल आणि अस्तर शाबूत असेल तरच धमनी सैल करणारे ॲसिटिलकोलीन टाकल्यावर काहीच होणार नाही. त्याने खचून जाऊ नका, हात बसतो. माझाही बसला, आणि माझे हात काही नाजूक नव्हेत.

सगळा प्रयोग मी पुन्हा केला. दुपटीचा फरक बराच ओसरला, तरी चरबीतल्या टी पेशींची वाढ टिकली. आता माझ्या वहीत प्रत्येक उंदरासमोर यकृताच्या रंगाचा एक रकाना असतो आणि त्यात ‘डाग’ असे लिहावे लागले, तर तो नमुना मी पुढे नेत नाही.