ब्राउझर व उपकरण ओळखणारी लायब्ररी सहाव्या आवृत्तीवर नेताना

इंदूरमधील एका मराठी नाट्यमंडळाच्या संकेतस्थळाचे तांत्रिक काम मी पाहतो. सभासद प्रयोगाची आसने तेथूनच निवडतात; संगणकावर प्रेक्षागृहाचा पूर्ण नकाशा दिसतो आणि मोबाइलवर रांगेनुसार यादी दिसते. मागील वार्षिक आढाव्यात अँड्रॉइड फोनांच्या जवळजवळ सर्व नोंदी 'अँड्रॉइड १०' अशा निघाल्या, आणि आपल्या सभासदांचे फोन जुने आहेत, तेव्हा नव्या सोयी तूर्त नकोत, असा निष्कर्ष कार्यकारिणीच्या बैठकीत काढला गेला. तो चुकीचा होता. राजेंद्रनगरात राहणाऱ्या ज्या काकांनी त्याच आठवड्यात नवा फोन घेतला होता, त्यांची नोंदही अँड्रॉइड १० अशीच पडली होती. दोष सभासदांच्या फोनांचा नव्हता, आमच्या जुन्या ओळख-लायब्ररीचा, म्हणजे ब्राउझर व उपकरण ओळखणाऱ्या तयार कोडचा होता. ती अद्ययावत करताना जे करावे लागले, ते अशाच लहान संस्थांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

आम्ही वापरतो ती लायब्ररी म्हणजे माटोमो या संकेतस्थळांच्या भेटी मोजणाऱ्या प्रकल्पाची 'डिव्हाइस डिटेक्टर'. ती मुक्त स्रोत असून पीएचपीमध्ये लिहिलेली आहे. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत 'यूजर एजंट' नावाची एक ओळ पाठवतो. ही लायब्ररी ती ओळ आपल्याकडील नमुन्यांशी ताडून ब्राउझर, कार्यप्रणाली, उपकरणाचा प्रकार, कंपनी आणि मॉडेल सांगते. अनेक वर्षे एवढे पुरेसे होते. मात्र त्या ओळीतून वापरकर्त्याचा माग काढणे फार सोपे होते, म्हणून क्रोमने ती टप्प्याटप्प्याने आखडती घेतली. २०२२ मध्ये आवृत्ती १०१ पासून ब्राउझरच्या आवृत्तीतील मुख्य क्रमांकापुढचे आकडे शून्य झाले, त्याच वर्षी आवृत्ती १०७ पासून संगणकांवरील कार्यप्रणालीचा तपशील गोठवला गेला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आवृत्ती ११० पासून अँड्रॉइडवर फोनचे मॉडेल काढून तेथे केवळ 'के' हे अक्षर व 'अँड्रॉइड १०' ही शब्दयोजना कायमची बसवली गेली. आमच्या आढाव्यातील अँड्रॉइड १० तेथून आले होते.

काढून घेतलेली माहिती मिळवण्यासाठी क्रोम आणि त्याच्याच गाभ्यावर उभे असलेले ब्राउझर 'क्लायंट हिंट्स', म्हणजे ब्राउझरने स्वतंत्रपणे पाठवायचे संकेत, ही वेगळी सोय देतात, आणि डिव्हाइस डिटेक्टरच्या सहाव्या आवृत्तीतील महत्त्वाची भर म्हणजे या संकेतांचे वाचन. पण केवळ नवी आवृत्ती बसवून काहीही बदलत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. नवी आवृत्ती बसवल्यानंतर दोन दिवस आमच्या नोंदी तशाच येत राहिल्या, कारण संकेत ब्राउझरकडे मागावे लागतात आणि आलेले संकेत लायब्ररीच्या हाती द्यावे लागतात. ही दोन्ही कामे आपली आहेत.

प्रथम बसवण्याचे काम. सर्व्हरवर पीएचपीची आवृत्ती किमान ७.२ असली पाहिजे, हे आधी तपासावे, कारण स्वस्तातील होस्टिंगवर जुनी आवृत्ती चालू राहिलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यानंतर कंपोझरच्या (पीएचपीच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये मुख्य आवृत्ती ६ नोंदवावी, लायब्ररी अद्ययावत करावी आणि बसवलेली नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवणारी कंपोझरची लॉक फाइलही जतन करावी. लॉक फाइलकडे दुर्लक्ष करू नये. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राउझर ओळखण्याच्या याच कामासाठी जावास्क्रिप्टमध्ये लोकप्रिय असलेल्या 'यूए-पार्सर-जेएस' या लायब्ररीच्या ०.७.२९, ०.८.० आणि १.०.० या आवृत्त्यांमध्ये हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता. तो सर्व्हरची शक्ती वापरून कूटचलन तयार करीत असे आणि संकेतशब्दही चोरत असे. ज्यांच्याकडे आवृत्ती निश्चित करून ठेवलेली होती, त्यांच्या सर्व्हरवर घातक आवृत्ती आपोआप उतरली नाही. ज्यांनी तीच लायब्ररी निवडली असेल, त्यांनी तिच्या मुख्य आवृत्ती २ वर जाण्यापूर्वी परवानाही वाचावा, कारण पहिली आवृत्ती एमआयटी परवान्याखाली होती आणि दुसरीचा मुक्त परवाना एजीपीएल आहे, ज्याच्या अटी बऱ्याच कडक आहेत.

आता संकेत मागण्याचे काम. काही संकेत ब्राउझर न मागताच पाठवतो: ब्राउझरचे नाव व मुख्य आवृत्ती, उपकरण मोबाइल आहे की नाही, आणि कार्यप्रणालीचे नाव. मॉडेल, कार्यप्रणालीची आवृत्ती आणि ब्राउझरची संपूर्ण आवृत्ती हवी असल्यास सर्व्हरच्या उत्तरात 'ॲक्सेप्ट-सीएच' हा हेडर (पानासोबत जाणारी माहितीची ओळ) ठेवून त्यात हवे ते संकेत नावानिशी लिहावे लागतात, म्हणजे 'सेक-सीएच-यूए-मॉडेल', 'सेक-सीएच-यूए-प्लॅटफॉर्म-व्हर्जन' आणि 'सेक-सीएच-यूए-फुल-व्हर्जन-लिस्ट'. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर नसेल, तर हे संकेत मिळणारच नाहीत. शिवाय पहिल्या विनंतीच्या वेळी ब्राउझरला आपली मागणी ठाऊक नसते, म्हणून सविस्तर संकेत दुसऱ्या विनंतीपासून येतात. पहिल्याच पानासाठी ते अत्यावश्यक असतील, तर 'क्रिटिकल-सीएच' हा हेडर जोडता येतो. तो पाहून ब्राउझर तीच विनंती संकेतांसह पुन्हा करतो. आम्ही तो जोडला नाही. त्यात एक फेरी वाढते, आणि महू किंवा देवासच्या वाटेवर, जेथे नेटवर्क मध्येच जाते, तेथे प्रत्येक फेरी जाणवते.

सविस्तर संकेत मागताना प्रत्येकासाठी कारण विचारावे. फोनचे मॉडेल आम्हाला आसन निवडण्यासाठी लागत नव्हते, केवळ वार्षिक आढाव्यासाठी लागत होते, आणि सभासदाच्या नावाशी जोडून ते साठवण्याचे तर काहीच कारण नव्हते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती ही सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. आम्ही मॉडेलची मागणी काढून टाकली आणि कार्यप्रणालीची आवृत्ती तेवढी ठेवली. आढाव्याचे काम तेवढ्याने भागते.

तिसरे काम लायब्ररीला संकेत देण्याचे. सहाव्या आवृत्तीत 'क्लायंटहिंट्स' हा वर्ग आहे. त्याच्या 'फॅक्टरी' या पद्धतीला पीएचपीचा सर्व्हर-चलांचा ॲरे दिला, की तो त्यातील संकेत स्वतः वेचून घेतो. तयार झालेली वस्तू 'डिव्हाइसडिटेक्टर' या वर्गाला यूजर एजंटनंतरचा दुसरा घटक म्हणून द्यावी आणि मग 'पार्स' करावे. हा दुसरा घटक ऐच्छिक असल्यामुळे तो विसरला तरी चूक दाखवली जात नाही. लायब्ररी केवळ जुन्या ओळीवरून उत्तर देते आणि सर्व काही ठीक चालले आहे असे वाटते. आमचे दोन दिवस येथेच गेले. घटक दिल्यानंतरही संकेत रिकामे येत असतील, तर ब्राउझर व आपला सर्व्हर यांच्या मधला प्रॉक्सी सर्व्हर हेडर गाळत आहे का, हे पाहावे. पान कॅशमधून (आधी बनवून ठेवलेल्या प्रतीतून) दिले जात असेल, तर मोबाइलसाठी बनलेले पान संगणकाला जाऊ नये म्हणून ज्या हेडरवरून पान बदलते त्यांची नावे 'व्हेरी' हेडरमध्ये लिहावीत. लायब्ररीतील नमुन्यांची संख्या मोठी असल्यामुळे तिलाही स्वतःची कॅश जोडून द्यावी, अन्यथा प्रत्येक विनंतीत वेळ जातो.

संकेत आल्यावर त्यांचा अर्थ लावताना दोन ठिकाणी फसगत होते. विंडोज ११ चालवणाऱ्या संगणकाची जुनी ओळ आजही विंडोज १० चीच असते. कार्यप्रणालीच्या आवृत्तीचा संकेत १३ किंवा त्याहून मोठा असेल, तर ती विंडोज ११ समजावी. लायब्ररी हे स्वतः करते, पण ज्यांनी लॉगवर आपले वेगळे गणित चालवले आहे, त्यांनी ते दुरुस्त करावे. दुसरे म्हणजे, ब्राउझरांच्या यादीत एक निरर्थक नाव मुद्दाम घातलेले असते आणि यादीचा क्रम बदलत राहतो. यादीतील पहिले नाव म्हणजे ब्राउझर, असे गृहीत धरून कोणी कोड लिहू नये, हाच त्यामागील हेतू आहे.

एवढे सर्व केल्यावरही सफारी आणि फायरफॉक्स राहतातच, कारण ते हे संकेत पाठवत नाहीत. आमच्याकडे सर्वांत जास्त तक्रार आयपॅडची होती. २०१९ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरील सफारी स्वतःला मॅक म्हणवते, आणि सर्व्हरकडे येणाऱ्या माहितीवरून कोणतीही लायब्ररी हा भेद खात्रीने करू शकत नाही. रामबागेतील एक आजी नातवाने दिलेल्या आयपॅडवरून आसने निवडत असत. त्यांना संगणकासाठीचा नकाशा दिसे, त्यातील चौकोन बोटाला पुरत नसत आणि शेजारचेच आसन निवडले जाई. यावर उपाय पानातच करावा लागतो. ब्राउझरमधील 'मॅक्सटचपॉइंट्स' हे मूल्य मॅकवर शून्य असते आणि आयपॅडवर पाच असते. प्लॅटफॉर्म मॅक दिसत असूनही हे मूल्य एकाहून अधिक असेल, तर ते उपकरण आयपॅड मानावे.

पुढे आम्हाला असेही लक्षात आले, की आजींना आयपॅड ओळखला जाण्याची गरजच नव्हती, बोटाला पुरेल एवढा चौकोन मिळण्याची होती. म्हणून आता नकाशा दाखवायचा की यादी, हे पडद्याच्या रुंदीवरून ठरते, आणि चौकोनांचा आकार सीएसएसमधील 'पॉइंटर: कोर्स' या अटीवरून ठरतो, जी मुख्य साधन बोटासारखे ढोबळ असल्यास लागू होते. लायब्ररीचे उत्तर आम्ही केवळ आढाव्यासाठी, तक्रार तपासण्यासाठी आणि बॉट, म्हणजे आपोआप भेट देणारे प्रोग्राम, वेगळे काढण्यासाठी वापरतो.

बॉट वेगळे काढणे मात्र सोडू नये. गुगलचा मोबाइल बॉट स्वतःची ओळख अँड्रॉइड फोन म्हणूनच देतो, फक्त ओळीच्या शेवटी आपले नाव लिहितो. 'जीपीटीबॉट', 'क्लॉडबॉट' यांसारखे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे बॉटही येतात. त्यामुळे नमुन्यांची यादी ताजी ठेवावी, 'इझ-बॉट' या पद्धतीचे उत्तर होकारार्थी आल्यास ती भेट सभासदांच्या मोजणीतून वगळावी, आणि कोणी गुगलचे नाव घेऊन सर्व्हरवर ताण आणत असेल, तर नावावर न जाता उलट डीएनएस शोधाने, म्हणजे आयपी पत्ता कोणत्या नावाचा आहे हे शोधून, तो पडताळावा.

बदल चालू करण्यापूर्वी खऱ्या उपकरणांवर चाचणी घ्यावी. क्रोमच्या विकसक साधनांत फोनचे सोंग घेता येते आणि नेटवर्क विभागात कोणते संकेत गेले तेही दिसते, तरी एक अँड्रॉइड फोन, एक आयपॅड, फायरफॉक्स असलेला एक संगणक, आणि 'डेस्कटॉप साइट' हा पर्याय चालू ठेवलेला एक फोन एवढे तरी हाताशी असावे; या शेवटच्या फोनची नोंद संगणक म्हणून पडेल आणि ते योग्यच आहे, कारण वापरकर्त्याने तेच मागितलेले असते. आढाव्याच्या तक्त्यात लायब्ररी बदलल्याची तारीख ठळकपणे लिहावी आणि तिच्या आधीचे व नंतरचे आकडे एकत्र मोजू नयेत. आमच्या तक्त्यात त्या तारखेच्या वर आता एक रेघ आहे, आणि रेघेच्या वरच्या भागातील अँड्रॉइडची आवृत्ती आम्ही खोडून टाकली आहे.