सिझेरियन : पतीने आधीच समजून घ्यावयाच्या गोष्टी

सिझेरियनविषयीच्या शंका विचारण्याची योग्य वेळ म्हणजे गर्भारपणाचा सातवा-आठवा महिना. शस्त्रक्रियागृहाच्या दारात पोहोचेपर्यंत ती टळून गेलेली असते. कळा सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले, तर निर्णयासाठी कधीकधी मोजकी मिनिटेच हाती असतात, आणि ज्या पुरुषाने तोपर्यंत हा विषय बायकांचा म्हणून बाजूला ठेवलेला असतो, त्याला एवढ्या थोड्या वेळात घाबरून होकार देणे किंवा संशयाने अडून बसणे याखेरीज काही सुचत नाही. म्हणून एखाद्या तपासणीला पत्नीबरोबर जावे आणि डॉक्टरांना विचारावे, की तिच्या बाबतीत सिझेरियनची शक्यता वाढवणारे काही आहे का, प्रसूती रेंगाळली तर किती वेळ वाट पाहता येईल, आणि तातडीची वेळ आली तर भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व रक्त किती लवकर मिळेल.

कारणे दोन प्रकारची असतात, हे ध्यानात ठेवले तर पुढचे बोलणे सोपे जाते. वारेने, म्हणजे गर्भात बाळाला पोसणाऱ्या अवयवाने, गर्भपिशवीचे तोंड झाकले आहे, प्रसूती सुरू झाली तरी बाळ आडवेच आहे, किंवा बाळाच्या आधी नाळ खाली सरकून दाबली जात आहे, अशा वेळी वाद घालण्यास जागा नसते. थांबण्याने आई किंवा बाळ दगावू शकते. प्रसूती पुढे न सरकणे, ठोक्यांतील बदल, बाळ पायाळू असणे ही कारणे मात्र डॉक्टरांच्या अंदाजावर आणि अनुभवावर बरीचशी अवलंबून असतात, आणि तेथे ‘आणखी थोडे थांबले तर काय होईल?’ हा प्रश्न शांतपणे विचारणे पूर्णपणे रास्त आहे. कारण नसताना सिझेरियन केले जाते, हा पुरुषांच्या मनातला संशय निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधील माहितीनुसार जगातील सुमारे 21 टक्के जन्म सिझेरियनने होतात, आणि याच संघटनेने 2015 मध्ये स्पष्ट केले होते, की एखाद्या लोकसंख्येत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर माता व नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे आणखी घटताना दिसत नाहीत. परंतु हा आकडा संपूर्ण लोकसंख्येचा आहे. समोरच्या खोलीत असलेल्या एका स्त्रीला शस्त्रक्रियेची गरज आहे की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

संमती तिची असते. ती सज्ञान आणि शुद्धीवर असताना तुमच्यापुढे कागद आला, तर तिला सर्व सांगितले आहे का आणि तिचे म्हणणे काय आहे, हे आधी विचारावे. घरातील वडीलधाऱ्यांची मते तिच्यापर्यंत कितपत पोहोचू द्यायची, हे सांभाळणे मात्र तुमचे काम आहे.

शस्त्रक्रिया कशी होते, याची कल्पना असली की भीती पुष्कळ कमी होते. बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यांमध्ये इंजेक्शन देऊन छातीखालचा भाग बधिर केला जातो; ती जागी असते, तिला ओढल्यासारखे किंवा दाबल्यासारखे जाणवते, पण दुखत नाही. लघवीसाठी नळी घातली जाते. ओटीपोटावर आडवा छेद घेतला जातो आणि बाळ साधारणपणे पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बाहेर येते. उरलेला बहुतेक वेळ वार काढून गर्भपिशवी व पोटाचे थर शिवण्यात जातो. त्यामुळे बाळ बाहेर आणून दाखवल्यावरही ती बराच वेळ आत राहिली, तर केवळ तेवढ्यावरून काही बिघडले असे मानू नये.

‘सिझर म्हणजे सोपे बाळंतपण’ हा समज पुरुषांत फार खोलवर रुजलेला आहे, आणि पत्नीला सर्वांत जास्त तोच लागतो. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या अन्य कोणत्याही रुग्णाला दुसऱ्या दिवसापासून रात्रभर एका जिवाची काळजी घ्यायला कोणी सांगत नाही. तिला ते करावे लागते. टाके ओढत असतात, खोकला आला तरी पोट धरावे लागते, आणि योनीमार्गे रक्तस्राव तर सिझेरियननंतरही काही आठवडे होतच असतो. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही तिने उचलू नये, म्हणजेच पाणी, गादी, मोठे मूल हे सर्व तुम्ही उचलावे. रात्री बाळ उठले की ते उचलून तिच्या कुशीत द्यावे, पाजून झाल्यावर ढेकर काढून लंगोट बदलावा. शस्त्रक्रियेमुळे दूध येत नाही, हाही गैरसमजच. बाळ लवकर आणि वारंवार अंगावर घेतले तर दूध उतरते, फक्त टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजणे तिला सोयीचे पडते. तिला लवकर उठवून चालवतात, तेव्हा निष्ठुरपणा म्हणून अडवू नये. पायांतील रक्ताच्या गाठी टाळण्यासाठी चालणे आवश्यक असते.

ताप, टाक्यांतून पू, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव, एका पोटरीत सूज व वेदना, अचानक धाप लागणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता तिला रुग्णालयात न्यावे. दोन आठवड्यांनंतरही ती सतत उदास असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे बोलत असेल, तर तेही तितक्याच गांभीर्याने घ्यावे. यातील दुसऱ्या गोष्टीसाठी दोन आठवडेही थांबू नये.

घरी परतण्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी. एकदा सिझेरियन झाले म्हणजे पुढेही तेच, असा नियम नाही. गर्भपिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा असेल, तर पुढच्या वेळी योग्य रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना यश येते, आणि जुना व्रण फाटण्याचा धोका साधारण 200 मध्ये एकीला असतो. छेद उभा आणि वरच्या भागात असेल, तर मात्र हा प्रयत्न सहसा करू देत नाहीत. त्वचेवरील व्रण पाहून आतला छेद कसा आहे हे कळत नाही, म्हणून ती नोंद पुढच्या गर्भारपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावी.