माऊसचा बाण थरथरतोय? आधी टेबल बघा

माऊस उलटा केला की तळाशी लाल दिवा दिसतो. त्याच्या शेजारच्या भिंगामागे चिमुकला कॅमेरा असतो. दिव्याचा प्रकाश टेबलावर तिरका पडतो, त्यामुळे लाकडाचे रेषे, कापडाची वीण, कागदाचा खडबडीतपणा उठून दिसतो. कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि आतली चिप लागोपाठचे फोटो ताडून बघते: खुणा कुठे आणि किती सरकल्या? त्या हिशेबानं पडद्यावरचा बाण सरकतो.

म्हणूनच काचेच्या टेबलावर साधा माऊस बावचळतो. तिथे ओळखायला खूणच नसते. खाली कोरा कागद ठेवा, काम भागतं. महागडं पॅड लागतंच असं नाही. चकचकीत मुखपृष्ठाचं मासिक मात्र नको.

कागदावरही बाण जागच्या जागी थरथरत असेल, तर भिंगाच्या खाचेत केस किंवा धागा अडकला आहे का बघा. माऊस बंद करून रबरी ब्लोअरनं हवा मारा, किंवा कोरड्या इअरबडनं हलकेच पुसा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण भिंगावर बसतात. आणि हो, काही माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश असतो, त्यामुळे दिवा दिसला नाही म्हणून लगेच नवा माऊस आणायला धावू नका.