पोलिसांच्या वर्गात आधी मोबाइल नव्हे, वर्तमानपत्र काढा

मी उत्तर गोव्यात हवालदार होतो. निवृत्तीनंतर नव्या शिपायांचे वर्ग घेतो, मनोरुग्णाशी कसं वागायचं याचे, तेही सुरुवातीच्या एका चुकीपायी. एका वाड्यावरून फोन आला, पोरगा भांडी अंगणात फेकतोय. मी गाडीतून उतरतानाच ओरडलो, मागून जाऊन त्याचा हात पिरगाळला. खांदा निखळला. आई एवढंच म्हणाली, “थकला होता हो तो, आता बसलाच असता.”

तुम्हाला असा वर्ग घ्यायचा असेल तर आजारांच्या नावांनी सुरुवात करू नका. स्किझोफ्रेनियाची व्याख्या फळ्यावर आली की मागची रांग मोबाइल काढते. त्यापेक्षा एका शिपायाला खुर्चीवर बसवा. दोघांनी त्याच्या दोन्ही कानांशी वर्तमानपत्रातल्या वेगवेगळ्या बातम्या वाचायच्या, न थांबता. समोरून तिसऱ्याने दरडावून विचारायचं: नाव काय? गाव कुठलं? शंभरातून सात वजा करत जा! आडदांड गडीसुद्धा पंचाऐंशीच्या आसपास अडखळतो, चिडतो. मग सांगा, आजारामुळे ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात त्याला तुमचा हुकूम असाच पोचतो. तो ऐकत नाही म्हणजे माज करतो, असं नाही.

यानंतर खरा सराव. ठाण्यामागच्या अंगणात घराचा सोपा, म्हणजे ओसरी, मांडा, रुग्ण बनलेल्या एकाच्या हातात कोयत्याऐवजी लाकडी पट्टी द्या. सायरन वळणाआधीच बंद. बोलणारा एकच; दुसरा शेजारी, पोरं आणि व्हिडिओ काढणारे यांना हटवतो. बोलणाऱ्याने दोन काठ्यांहून जास्त अंतर ठेवायचं, थोडं तिरकं उभं राहायचं आणि त्या माणसाची निघायची वाट अडवायची नाही. हत्यार असेल तर अंतर आणखी वाढवा, आडोसा धरा.

आता काय बोलायचं? “बाब, मी पोलीस. तुम्हाला मारायला आलो नाही. पाणी देऊ?” मग गप्प. मनात वीस मोजा. आमच्या लोकांना हे वीस आकडे सगळ्यात जड जातात! तो म्हणाला, भिंतीतून कोणीतरी शिव्या घालतंय, तर “खरंच की” नको आणि “वेडेपणा आहे” तर नकोच. “मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय ते दिसतंय,” एवढं पुरे. “चल, फिरायला नेतो” म्हणून फसवून गाडीत घालू नका. पुढच्या वेळी तो कुठल्याच वर्दीवर विश्वास ठेवणार नाही. धरावंच लागलं तर पालथं पाडून पाठीवर गुडघा रोवायचा नाही, श्वास कोंडून माणूस जातो. लगेच कुशीवर वळवा.

कायद्याला दहा मिनिटं द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 100: आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस हद्दीत भटकताना दिसला, किंवा आजारामुळे त्याच्यापासून त्याला वा इतरांना धोका वाटला, तर त्याला संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये एक रात्रदेखील नाही. बेघर भटकणारा असेल तर बेपत्ता म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ठाण्याचं काम. बांबोळीला मनोरुग्णांची सरकारी संस्था आहे, तिथल्या एखाद्या डॉक्टरला किंवा नर्सला वर्गाला बोलवा. घरच्यांना देण्यासाठी 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर शिपायांच्या खिशात असू द्या. धोका समोर असेल तर मात्र 112 किंवा 108.

आणि त्या भागात गस्त घालणाऱ्या बीटवाल्याला सांगा, आठवड्याभरात साध्या कपड्यांत त्या घरी एक फेरी मार. घरच्यांना विचारून डायरीत लिहून ठेव, पुढच्या ड्युटीवाल्याला उपयोगी पडेल: बहिणीचं ऐकतो. कोकणीतून बोला. कुत्रा भुंकला की बिथरतो, आधी कुत्रा बांधायला सांगा.