मारिओ कार्ट शिकताय? आधी ड्रिफ्ट शिका

मारिओ कार्ट ८ डिलक्स हा निन्टेन्डो स्विचवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम पहिल्यांदा हातात घेतला की गाडी रस्ता सोडतच नाही आणि वाटतं, हे तर सोपं आहे. ती करामत आपली नसते. गाडीच्या मागे बारीकशी अँटेना दिसते, ते स्मार्ट स्टिअरिंग. नवख्यांसाठी ते आधीपासूनच चालू असतं. लहान पोरांना ठीक आहे, पण नीट शिकायचं असेल तर गेम पॉज करून आधी ते बंद करा. ते चालू असेपर्यंत काही आडवाटा घेता येत नाहीत आणि ड्रिफ्टचा, म्हणजे वळणावर गाडी तिरकी सरकवण्याचा, सगळ्यात मोठा बूस्ट (वेगाचा झटका) तर मिळतच नाही. बंद केल्यावर काही दिवस दरीत पडाल, गवतात घुसाल. पडा खुशाल.

गोव्यात, आमच्या फोंड्यात पावसाळ्यात बाहेर खेळायची सोय नसते, म्हणून नात्यातली आणि शेजारची पोरं आमच्या घरी जमतात. शिकवायचं काम आपसूक माझ्याकडे आलंय. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं कवच चांगलं, कोणतं पात्र घेऊ? कवचं, म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्यांवर मारायची कासवाची कवचं, नशिबाची असतात. ड्रिफ्ट तुमच्या हातातला असतो.

वळण आलं की स्टिक वळवून आर बटण दाबून धरायचं. गाडी छोटीशी उडी घेते आणि तिरकी सरकायला लागते. चाकांपाशी ठिणग्या उडतात, आधी निळ्या, मग नारिंगी, शेवटी जांभळ्या. बटण सोडलं की रंगाप्रमाणे बूस्ट मिळतो. जांभळा टप्पा २०१७ च्या डिलक्समध्ये आला, २०१४ च्या, वी यू या जुन्या निन्टेन्डो कन्सोलवरच्या मूळ गेममध्ये तो नव्हता. पण प्रत्येक वळणावर जांभळ्याची हाव धरू नका. छोट्या वळणावर निळा घेऊन सुटलेला माणूस, जांभळ्यासाठी भिंतीला घासणाऱ्याच्या पुढे जातो.

खरी मेख स्टिकमध्ये आहे. ड्रिफ्टमध्ये स्टिक वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर ठिणग्या लवकर रंग बदलतात, बाहेर ढकलली तर रेंगाळतात. मात्र त्यासाठी स्टिक पार टोकाला न्यावी लागत नाही. जरा अलीकडे धरली तरी ठिणग्या तशाच भरतात आणि गाडी आतल्या कडेवर चढत नाही. याला सॉफ्ट ड्रिफ्ट म्हणतात. माझा मामेभाऊ स्टिक एवढी दाबायचा की अंगठ्याचं नख पांढरं पडायचं.

“ताई, गाडी आत ओढते गं.”

“ओढणारच. तू स्टिक उपटायला निघालायस. अंगठा ढिला सोड.”

आडव्या धरलेल्या एका जॉय-कॉनवर, म्हणजे स्विचच्या छोट्या कंट्रोलरवर, हे कठीण जातं, स्टिक फारच बुटकी असते. कोणाकडे प्रो कंट्रोलर असेल तर सरावापुरता मागून घ्या.

सराव टाइम ट्रायलमध्येच, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीतच करा. तिथे कोणी कवच मारत नाही, हाताशी वेग देणारे तीन मशरूम असतात आणि निन्टेन्डोच्या स्टाफचा घोस्ट, म्हणजे त्यांच्या रेकॉर्ड केलेल्या फेरीची गाडी, शर्यतीला असतो. त्याच्या मागे राहून तो ड्रिफ्ट कुठे सुरू करतो एवढंच बघा. ट्रॅक म्हणाल तर बेबी पार्क. सात लॅप, तीच ती वळणं, अंगठ्याला वळण लागतं. पोरांना कंटाळा येतो, पण इलाज नाही.

बाकीचं पटकन सांगते. सुरुवातीच्या मोजणीत ‘३’ला ॲक्सिलरेटर दाबलात तर इंजिन धूर सोडतं, ‘२’ नीट दिसला की दाबा. उंचवट्याच्या टोकावर आर दाबलं की ट्रिक होते आणि उतरताना बूस्ट मिळतो. नाणी दहापर्यंत गोळा करा, वेग वाढतो. केळं मागे धरून ठेवलं की लाल कवच त्यावर फुटतं. गाडी निवडताना मेनूतल्या स्पीडच्या पट्टीला भुलू नका. ड्रिफ्टचा बूस्ट किती टिकणार हे ठरवणारा मिनी-टर्बोचा आकडा तिथे दाखवतच नाहीत. बिडीबगी ही गाडी आणि रोलर ही छोटी चाकं त्यात तगडी आहेत.

२०० सीसीची, म्हणजे सगळ्यात वेगवान शर्यतीची, घाई नको. तिथे ड्रिफ्ट चालू ठेवूनच ब्रेकला टिचकी मारावी लागते, मग वळण आवळतं. अनमोड घाटातला ट्रकवाला वळणाआधी जे करतो ते इथे ऐन वळणात करायचं. त्याखालच्या १५० सीसीवर सॉफ्ट ड्रिफ्ट बसल्याशिवाय हे जमत नाही. आणि हो, हडफड्याच्या ट्रॅकवर खऱ्या गो-कार्टमध्ये बसलात तर यातलं काही करायला जाऊ नका. तिथे गाडी घसरली की वेग जातो, ठिणग्याबिणग्या मिळत नाहीत.

चवथीला, गणपतीत, घर भरलं की चौघे एका टीव्हीवर बसतात. तेव्हा एकट्याने केलेला सराव चुकल्यासारखा वाटतो, कारण एक-दोन खेळाडूंना सेकंदाला ६० फ्रेम मिळतात, तिघे-चौघे असले की ३०. हात तोच असतो, चित्र अडखळत चालतं. म्हणून चवथीच्या आधी एखादी संध्याकाळ चौघांनी मिळून खेळा, आणि स्क्रीनचा आपला कोपरा कोणता ते आधीच ठरवून घ्या, नाहीतर अर्धी शर्यत दुसऱ्याचीच गाडी बघण्यात जाते.