प्लॉट बघायला निघण्याआधी: कोणता नकाशा काय सांगतो

नागपुरात बेसा, हिंगणा किंवा कामठी रोडकडच्या ले-आऊटच्या जाहिरातीत एक नकाशा हमखास असतो. मध्ये ठळक प्लॉट, बाजूला मिहान (विमानतळाजवळचा औद्योगिक प्रकल्प), मेट्रो, रिंग रोड, आणि सगळं कसं दोन बोटांच्या अंतरावर! हा नकाशा खोटाच असतो असं नाही, पण तो मेट्रोच्या नकाशाच्या जातीचा असतो. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाईन सीताबर्डीला मिळतात, कुठं गाडी बदलायची, पुढचं स्टेशन कोणतं, एवढंच त्यावरून कळतं. दोन ठिपक्यांमधलं अंतर तिथं मोजायचं नसतं. ब्रोशरवर प्रमाणपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण नसेल, तर त्यावर पट्टी ठेवूच नका.

अंतर, चढउतार आणि नाले यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं 1:50,000 चं स्थलदर्शक पत्रक घ्या. नागपूर शहराचं जुनं पत्रक 55 ओ/4. त्याची पश्चिम हद्द 79 अंश रेखांशावर संपते, त्यामुळे हिंगणा शेजारच्या 55 के/16 वर सापडतं. 1 सेंमी म्हणजे 500 मीटर. मात्र ए-3 ची झेरॉक्स ए-4 वर काढली की तोच 1 सेंमी सुमारे 707 मीटर होतो आणि कोपऱ्यातला 1:50,000 हा आकडा चुकीचा ठरतो. छापलेली प्रमाणपट्टी मात्र कागदाबरोबरच आक्रसते. म्हणून मोजायचं ते नेहमी प्रमाणपट्टीवरून.

आता तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. दोन रेषांमध्ये उंचीचा किती मीटर फरक आहे ते समासात छापलेलं असतं, ते आधी वाचा. तो 20 मीटर असेल आणि रेषा 2 मिमी अंतरावर असतील, तर 100 मीटरात 20 मीटर चढ, म्हणजे टेकडीच. त्याच रेषा 2 सेंमी अंतरावर असतील तर किलोमीटरभरात 20 मीटर, म्हणजे जवळपास सपाट. रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळली आणि टोक जास्त उंचीकडे असलं, तर तिथून पाणी वाहतं. टोक उताराकडे असेल तर ती डोंगराची सोंड. इथंच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून वळणाच्या दोन्ही बाजूंच्या उंचीचे आकडे वाचल्याशिवाय ठरवू नका.

पण उंचीच्या 20 मीटर फरकात तीन मीटरचा खोलगट भाग लपून जातो, आणि घरात पाणी शिरायला तेवढा खोलगटपणा पुरतो. त्यासाठी नाल्यांच्या रेषा बघा. बारमाही पाणी निळं आणि पावसाळी नाला काळा दाखवतात. काळी रेषा रस्ता समजून सोडून देऊ नका. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. जुन्या पत्रकातला नाला नव्या ले-आऊट नकाशात 30 फुटी रस्ता झालेला दिसला, तर पाणी कुठून येणार ते समजून जा. एक सावधगिरी: अक्षांश-रेखांश मोजायचा जुन्या पत्रकाचा आधार एव्हरेस्ट नावाचा, मोबाईलच्या जीपीएसचा डब्ल्यूजीएस-84 नावाचा; दोन्ही वेगळे. जीपीएसचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले तर ठिपका शंभर-दोनशे मीटर सरकतो आणि नाला शेजाऱ्याच्या प्लॉटात जातो.

उंचीचा नेमका आकडा बघायचा तर झिरो माईलचा दगड आहे. 1907 च्या या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट कोरली आहे, म्हणजे जवळपास 311 मीटर.

मालकी यातल्या कशातच नसते. त्यासाठी गावनकाशा: मौजा, ख. नं. (खसरा नंबर), प. ह. नं. (पटवारी हलका नंबर) सातबाऱ्याशी जुळवा, धुरा (बांध), पांदण आणि नाला यांवरून बोट फिरवून बघा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि बोलण्यात गुंठा. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101.2 चौरस मीटर. गावनकाशात उंची नसते आणि त्यावरून जागेवरची हद्द नेमकी काढता येत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणी करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्यावीच लागते. विकास आराखड्याचे रंग फक्त जागा कशासाठी राखली आहे ते सांगतात. शहराबाहेर एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) आराखडा लागू आहे का ते पाहा. रंगसूची न वाचता पिवळा म्हणजे निवासी असं गृहीत धरू नका.

तालुकानिहाय रंगवलेले पावसाचे किंवा भूजलाचे नकाशे प्लॉटसाठी निरुपयोगी. तिथं पूर्ण तालुक्याला एकच रंग मिळतो, तुमच्या बोअरला पाणी लागेल की नाही हे त्यातून कळत नाही.

शेवटी स्थलदर्शक पत्रक, गावनकाशा आणि उपग्रह चित्र एकाच प्रमाणात छापून, देऊळ किंवा विहीर अशा दोन ठळक खुणा जुळवून एकावर एक धरा. तिन्हीत न जुळणारी जागा ही भर पावसात पायी जाऊन बघायची जागा.