झाडांच्या ओळीसाठी के-एप्सिलॉनमध्ये सोर्स टर्म

इमारतींभोवतीच्या वाऱ्याचं सिम्युलेशन करताना मेशमध्ये, म्हणजे गणनेच्या जाळीत, पानं काढत बसायचं नसतं. झाडांचा पट्टा वेगळा सेल झोन (जाळीतल्या घरांचा गट) करा आणि पानांचा परिणाम सोर्स, म्हणजे समीकरणात घातलेली जादा टर्म, म्हणून घाला. आमच्याकडे नव्याने येणारी पोरं मोमेंटमच्या समीकरणात ड्रॅग (पानांचा अडथळा) घालून हात झटकतात. झाडांमागे वारा मंदावलेला दिसतो खरा, पण तिथल्या टर्ब्युलन्सवर मी एक पैसा लावणार नाही. के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) आणि एप्सिलॉन (ती ऊर्जा विरण्याचा दर) यांच्या समीकरणांमध्येही टर्म हवीच.

फ्लुएंट या प्रवाह-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी डिफाइन_सोर्स हा मॅक्रो आहे. दर समीकरणाला वेगळं फंक्शन. कोडला हात लावण्याआधी मी कागदावर आकडे मांडते. हवेची घनता १.२२५, ड्रॅग गुणांक ०.२, दर घनमीटरला १ चौरस मीटर पानं, वेग ५ मीटर प्रति सेकंद. मोमेंटमचा सोर्स: १.२२५ × ०.२ × १ × ५ × ५, म्हणजे उणे ६.१२५ न्यूटन प्रति घनमीटर. के-मध्ये दोन भाग, दोन्हीत घनता, ड्रॅग गुणांक आणि पानं तीच. निर्मिती वेगाच्या घनावर चालते: ३०.६. ऱ्हासात वेग, के आणि ५.१ हा गुणांक येतो. के १ धरला तर ६.२. निव्वळ २४.४ वॅट प्रति घनमीटर.

आता खरी गोम. फंक्शन परत देतं ती पूर्ण बेरीज, २४.४. डीएस या फंक्शनच्या दुसऱ्या आउटपुटमध्ये मात्र के-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह जातं. निर्मितीत के नाहीच, म्हणून उरतं फक्त उणे ६.२. हा उणे आकडा सोडवायच्या समीकरणांच्या मॅट्रिक्सचा कर्ण भक्कम करतो, म्हणजे गणित स्थिर राहतं. चिन्ह चुकून अधिक झालं की रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) उधळलेच म्हणून समजा. शून्य ठेवलं तरी चालतं, पण गाडी रखडत जाते.

एप्सिलॉन सोपं आहे: के-चा सोर्स गुणिले ०.९ गुणिले एप्सिलॉन भागिले के. भागाकारात के-ला किमान मर्यादा घाला, नाहीतर शून्याजवळ स्फोट ठरलेला.

हेच ओपनफोम या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडेड सोर्समध्ये नेताना सेलच्या घनफळाने गुणायचं आणि सोर्समधून वजा करायचं. इन्कम्प्रेसिबल सॉल्व्हर असेल तर घनता काढून टाका.

तपासणी फ्लुएंटमध्येच उरकते. आधी यूडीएमची (स्वतःचे आकडे साठवायच्या मेमरीची) जागा राखून ठेवा, मग फंक्शनमधून सोर्सची किंमत तिथे साठवा. सगळीकडे वेग ५ आणि के १ भरा, फ्लोची समीकरणं बंद करा आणि एक इटरेशन चालवा. झाडांच्या झोनमध्ये २४.४ दिसलं पाहिजे, बाहेर शून्य. १९.९ दिसलं तर घनता लिहायची राहिली आहे.